गोलच्या मागचे दोन धोंडे

"पोल पडला! अगो, पोल पडला!"

कोण ओरडलं ते मला अजून कळलेलं नाय. मी मैदानाच्या कडेला पोरीला मांडीवर घेऊन भात भरवत होते, मान वर केली तर जिथे फुटबॉलचा पोल उभा असायचा तिथे नुसतं आभाळ आणि मागे रिफायनरीची चिमणी. पोल आडवा झाला होता. आणि त्याच्या खाली माझा नवरा.

उठले कशी, धावले कशी, काय आठवत नाय. पोर काखेत, तिच्या तोंडात घास तसाच, माझ्या पायात एकच चप्पल. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाय, तर मला हाक पण मारता येईना, मी आपली "अरे, अरे, अरे" करत धावतेय. जवळ गेले तर लोखंडी बार आडवा पडलेला, त्याच्यावर जाळं पसरलेलं आणि जाळ्याच्या खाली त्याची पिवळी बनियन. पाय हलत नव्हते. जाळ्यातलं म्हावरं पण निदान तडफडतं, हा तडफडत पण नव्हता.

आणि मी त्याच्याकडे बघायचं सोडून पोलच्या मागच्या पायांकडे बघितलं. का बघितलं? मला माहीत होतं ना. दोन्ही पायांच्या दोऱ्या नुसत्या लोंबत होत्या. धोंडे नव्हते. धोंडे तिकडे होते, दहा पावलांवर, माझ्या ताडपत्रीवर. मी ठेवले होते. सकाळी, ह्याच हातांनी.

आता धोंडे कसले ते सांगते, नायतर तुम्हाला काय कळायचं नाय.

मी ट्रॉम्ब्याची, दिली माहुलला. माहुलला आमच्या कोळीवाड्याचं मैदान एकच, खाडीच्या अंगाला. आठवडाभर ते आम्हा बायकांचं. जुनी जाळी अंथरून त्याच्यावर आम्ही जवळा, ती बारीक कोलंबी, सुकवायचो, आख्खं मैदान गुलाबी दिसायचं. रविवारी ते पुरुषांचं, फुटबॉलचं. ह्याच्यावरून भांडणं नेहमीची. बॉल जवळ्यात गेला की सासू बॉल लुगड्यात लपवून बसायची आणि आख्खी टीम तिच्या पाया पडायची.

मेक्सिकोचा वर्ल्ड कप टीव्हीवर दाखवला ना, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. वाड्यात रंगीत टीव्ही एकच, नाखव्याच्या घरी. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, त्याच्याच बोटीवर माझा नवरा जायचा, आणि नाखव्याचा मोठा मुलगा टीमचा कॅप्टन. तो वर्ल्ड कप बघून आमच्या पुरुषांचं डोकंच फिरलं. महिनाभर सगळ्यांचे डोळे लाल, बोटीवर जाऊन डुलक्या. आणि बोलणं एकच, आपली टीम पण तशी दिसली पाहिजे. पहिली पिवळी जर्सी. जर्सी कुठून आणणार, आम्ही बायकांनी बनियन हळदीत बुडवून दिल्या. झकास दिसल्या. पण पहिल्या धुण्याला सासूने साबण लावला आणि अकराच्या अकरा बनियन लाल! तशाच घालून गेले. देवनारची टीम लाइनीबाहेरून ओरडते, "काय रे ब्राझील, हळद उतरली काय? लग्न झालं आणि आम्हाला जेवण नाय?" मग परत हळद लावली आणि साबण बंद. त्या बनियनचा वास काय सांगू, हळद आणि बोंबील एकत्र.

मग त्यांना पोल पाहिजे झाला. तोपर्यंत बांबूचा होता. कॅप्टन म्हणाला, "टीव्हीवर बघितला ना, पांढरा, लोखंडी. बॉल लागला की ठण् वाजला पाहिजे." माझा धाकटा भाऊ ट्रॉम्ब्याला वेल्डिंग करायचा. त्याने भंगारातले पाइप आणून पोल बनवला, दोन उभे, वर आडवा बार, बोटीचा पांढरा रंग मारला. वर आमचं फाटकं जाळं लावलं. झाला टीव्हीवरचा गोल. पाइप एकाचेच मिळाले, समोरचा बांबूचाच राहिला.

तो जमिनीत पक्का गाडायचा होता. भाऊ म्हणत होता, "ताई, लोखंड हाय, गाडल्याबिगर उभं करायचं नाय." पण आम्ही बायका ऐकतोय थोडंच! मैदानात कायमचा पोल उभा राहिला तर जवळा कुठे पसरायचा? सगळ्यात जास्त मीच ओरडले, हे पण लिहून ठेवते. मग मधला मार्ग निघाला. भावाने पोलला मागे दोन लांब पाय जोडले, आणि नाखव्याच्या अंगणात जुने दगडी नांगर पडले होते ते आणले. पूर्वी लोखंडी नांगर नव्हते तेव्हा बोटींना हे धोंडे बांधायचे. गोल, जात्याच्या तळीसारखे, मधे भोक. भोकातून दोरी ओवायची आणि पोलच्या मागच्या पायाला आवळायची, एका पायाला एक धोंडा. शनिवारी संध्याकाळी पोल उभा करून माझा नवरा धोंडे बांधायचा, सोमवारी सकाळी पोल काढून बाजूला. धोंडे आहेत तोपर्यंत पोलला हत्तीने धक्का दिला तरी पडणार नाय, असं सगळे म्हणायचे.

नवरा टीमचा गोली. गोलमध्ये उभा राहणारा. उंच होता आणि हात मोठे, जाळी ओढून ओढून झालेले. त्याच्या उड्या मारून मारून पोलच्या पुढे जमिनीत हा एवढा खड्डा पडला होता, म्हशीने लोळून केल्यासारखा. त्यात आमचा जवळा पडून खराब व्हायचा. मी किती वेळा म्हटलं असेल, "अरे, तो खड्डा बुजव ना." तो म्हणायचा, "बुजवतो गं रविवारनंतर." आणि त्याला एक खोड लागली होती. टीव्हीवर कुठला तरी गोली बॉल बारवरून बाहेर ढकलून मग बारला दोन्ही हातांनी लटकला होता, माकडासारखा झोका घेत. तेव्हापासून हा दर मॅचला एकदा तरी लटकायचा. लोक त्याचीच वाट बघायचे. लटकला की टाळ्या.

त्या रविवारी सकाळी खाडीचं वारं सुटलं. माझा जवळा आदल्या दिवशीच वाळून ढीग करून ठेवलेला, मैदानाच्या कडेला, ताडपत्रीखाली. वाळलेला जवळा म्हणजे भुसा, वारं लागलं की गेला खाडीत. सासू घरातून ओरडली, "बाय, ताडपत्री उडाली, काहीतरी ठेव तिच्यावर!" मी धावले. ताडपत्री फडफडतेय, मी एक टोक धरते तर दुसरं सुटतंय, घरात पोर रडतेय, तिला रात्रीपासून अंगात कणकण होती. समोर दोन धोंडे. मी गाठी सोडल्या, धोंडे चाकासारखे उभे केले आणि लोटत लोटत आणले, ताडपत्रीच्या दोन टोकांवर ठेवले. मनात म्हटलं, मॅच चारला, मी तीनला परत नेऊन बांधते.

तीनला पोर माझ्या अंगावर झोपली होती. उठवली तर रडेल म्हणून मी हलले नाय. आणि मग विसरले. खरंच सांगते, विसरले. चारला तिला कडेवर घेऊन मॅच बघायला गेले, भाताची वाटी आठवणीने घेतली. भाताची वाटी आठवली आणि धोंडे नाय आठवले.

कोणाच्या लक्षात पण आलं नाय. पोलच्या मागे जाळं जमिनीपर्यंत लोंबायचं, आणि शनिवारी बांधलेले धोंडे रविवारी कोण तपासतंय? आणि ताडपत्रीवर धोंडा असणं आमच्याकडे काय नवीन आहे?

बॉल बारवरून गेला, हा लटकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पोल ह्याला घेऊन पुढे आला.

तर मी तिथे पोचले तेव्हा कॅप्टन ओरडत होता, "उचला त्याला, बसवा, तोंडावर पाणी मारा! टीव्हीवर बघता ना, स्प्रे मारला की उठून पळतात!" चारपाच जणांनी हात घातले पण.

"हात लावायचा नाय!"

हा आवाज आमच्या शेजारच्या काकांचा. ते रिफायनरीत फिटर. तिथे त्यांना कंपनीने अपघाताचं शिक्षण दिलेलं, पट्टी कशी बांधायची, माणूस कसा उचलायचा. आल्यागेल्याला तेच सांगायचे, म्हणून सगळे त्यांना चिडवायला "डॉक्टर" म्हणायचे. ते धावत येत होते, लुंगी वर धरून. "मान हलवली तर मेला तो! आधी लोखंड उचला, सरळ वर. त्याला कोणी शिवायचं नाय."

दहा जणांनी बार उचलला. जाळं सुरीने कापलं. आणि मग आम्हाला दिसलं. तो खड्ड्यात होता. तोच खड्डा, जो मी बुजव बुजव म्हणत होते. बार खड्ड्याच्या दोन कडांवर टेकला होता आणि हा खाली, मधल्या जागेत. बार आणि त्याच्या तोंडाच्या मधे वीतभर जागा असेल, जास्त नाय. खाली येताना खांद्यावर बसला होता तेवढाच.

काका त्याच्या डोक्याशी बसले, दोन्ही हातांनी डोकं धरलं, नारळासारखं. "ऐकू येतंय काय रे?"

काय नाय.

"अरे, ऐकू येतंय काय?"

त्याने डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे पण बघितलं, आणि विचारलं, "बॉल बाहेर गेला ना?"

मला हसू आलं की रडू ते कळलं नाय, माझ्या तोंडातून कसलातरी आवाज आला आणि पोर घाबरून रडायला लागली. देवनारचा एक मुलगा म्हणतो, "गेला रे बाबा, बाहेर गेला, तू पडून रहा."

बोटीची एक लांब फळी आणली. काकांनी सांगितलं तसं सहा जणांनी त्याला एकदम उचलून फळीवर घेतला, दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या लावल्या, दोरीने बांधला. म्हावऱ्याच्या टेम्पोत घातला. पोरीला घेऊन मी आणि सासू मागे चढलो. खाली बर्फाचं पाणी, माशांचा वास, फळीवर नवरा आणि तो म्हणतोय, "मला ह्यांनी बाजारात विकायला काढला काय?" सासू त्याला म्हणते, "गप पड, तुला कोण घेतोय!" आणि पदराने डोळे पुसते.

मी तोंड उघडलं. सांगू म्हटलं, आय, धोंडे मी काढले. तोंड उघडलं आणि बंद केलं. आधी तो वाचू दे, मग सांगते. असं मी स्वतःला सांगितलं.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी काय काय विचार केला! ह्याचं काय झालं तर पोरीला मोठेपणी काय सांगायचं? बापाला जवळ्यासाठी मारलं? नाकात तो सुक्या जवळ्याचा वास बसला होता, हात सारखे पदराला पुसत होते. डॉक्टर बाहेर आले ते जांभई देत आले. मला वाटलं, माणूस मेल्यावर कोण जांभई देत नाय. म्हणजे आहे. आणि होताच. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि दोन बरगड्या. डोक्याला लागलं म्हणून रात्रभर ठेवून घेणार, बाकी काय नाय. डॉक्टर म्हणाले, "फळीवर बांधून कोणी आणलं? बरं केलं. कोणीतरी शहाणा दिसतो तुमच्यात." सासू म्हणाली, "हाय एक, आम्ही त्याला येडा समजायचो."

मी तिथेच जमिनीवर बसले. इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की वारं आलं असतं तर मी पण उडाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला घरी आले. मैदानावरून जावं लागतं. पोल तसाच पालथा होता. आणि त्याच्या मागच्या पायांना दोन्ही धोंडे बांधलेले होते.

मी तिथेच उभी. म्हटलं, माझं डोकं फिरलं काय? ताडपत्रीकडे बघितलं, तिच्यावर आता चार विटा होत्या. कॅप्टन आणि दोघंतिघं तिथेच उभे होते, कॅप्टन म्हणत होता, "बघ, धोंडे जागेवर, तरी पडला. म्हणजे वेल्डिंगमध्येच लोचा. वैनी, तुझ्या भावाने मागचे पाय आखूड ठेवलेत."

मी वाकून गाठ बघितली. माझा नवरा बांधतो तशी नव्हती. ती आमच्या बापाची गाठ होती. बाप बोट बांधायचा तशी, उलटा फेरा घेऊन. ट्रॉम्ब्याला आम्हा दोन भावंडांनाच येते ती.

संध्याकाळी भाऊ आला. सासू पाणी आणायला आत गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "तू बांधलेस?"

"काय?"

"काय काय, धोंडे."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सगळे टेम्पोच्या मागे धावले. मॅचला आलेलो मी, पोल बघायला मागे थांबलो. दोऱ्या बघितल्या, मग तुझी ताडपत्री बघितली."

"मी सांगते सगळ्यांना."

"येडी हायस काय, ताई? तुला इथे नांदायचं हाय. मी काय, पोल बनवणारा, मला दोन शिव्या पडतील. मी ट्रॉम्ब्याला जाईन, तू कुठे जाशील?"

"पण तुझं काम…"

"गप बस." तेवढ्यात सासू आली, आणि आल्या आल्या त्याला म्हणाली, "काय रे, लोखंड जोडतोस की भाकरी चिकटवतोस?" तो खाली मान घालून पाणी प्याला.

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. नवरा घरी आला, हात गळ्यात, बरगड्यांना पट्टा, हसला की दुखायचं. लोक बघायला यायचे आणि हसवायचे. मी त्याला भात भरवायची, एका बाजूला तो, एका बाजूला पोर. तो वाचला म्हणून मी दिवसातून दहा वेळा देवाकडे बघायची आणि दर वेळी वाटायचं, देव पण माझ्याकडे बघतोय. भावाबद्दल वाड्यात काय काय चाललं होतं. कच्चं काम. हलका पाइप. त्याला जेट्टीवर रेलिंगचं काम मिळणार होतं, ते कोणीतरी म्हणालं दुसऱ्याला देऊ. तरी मी गप्प. दुपारी ठरवायची की रात्री सांगते, रात्री ठरवायची की सकाळी.

पुढच्या रविवारी दुपारी टीव्हीवर कलकत्त्याची मॅच होती. नाखव्याच्या घरात पाय ठेवायला जागा नाय. पुरुष पुढे जमिनीवर, आम्ही बायका दारात, आणि आमच्या मागे माझा भाऊ, ट्रॉम्ब्याहून आलेला. माझ्या नवऱ्याला मात्र नाखव्याच्या खुर्चीत बसवलेला, राजासारखा. मॅचमध्ये एक गोली पुढे धावला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या डोक्याला लागला. पडला. सगळे गप्प झाले, आमच्याकडे आता गोली पडला की सगळे गप्पच होतात. बाहेरून माणूस आला, पाणी दिलं, तो उठला, डोलत डोलत परत उभा राहिला.

"वा! ह्याला म्हणतात जिगर," एक जण म्हणाला.

"जिगर कसली, मूर्खपणा," आमचे काका म्हणाले. "त्याला आता दोन बॉल दिसत असतील. बाहेर काढायला पाहिजे."

"काका, तुम्ही सगळ्यांना फळीवर बांधाल. मग मॅच कोण खेळणार?"

"बांधला म्हणून खुर्चीत बसलाय तो, नायतर फोटोत बसला असता." काकांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. सगळे हसले, नवऱ्याने हसून बरगड्या धरल्या.

हाफ टाइमला कॅप्टन उभा राहिला. "ऐका. पुढच्या रविवारी देवनारवाल्यांशी राहिलेली मॅच आहे. गोलमध्ये हा उभा राहील." हा म्हणजे माझा धाकटा दीर, एकोणीस वर्षांचा. "पोलच्या मागच्या पायांना अजून एक पट्टी जोडून घेतो मी, दुसऱ्या वेल्डरकडून. आणि ते धोंडे काढा आता. होते तरी पडलाच ना? कशाला दर शनिवारी ओढायचे? उगाच कमरेची वाट लागते."

"बरोबर," दोघंतिघं म्हणाले. "धोंड्यांचा काय उपयोग."

दीर म्हणाला, "मी पण लटकणार हां." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी दारात उभी, पोर कडेवर. भावाने मला वाचवायला धोंडे बांधले होते, आणि त्या बांधलेल्या धोंड्यांवरून ह्यांनी हिशोब उलटा केला. माझ्या गप्प बसण्यावर आता माझा दीर लटकणार होता. खड्डा एका माणसाला वाचवतो, रोज रोज नाय वाचवत. आणि तो खड्डा तर त्यांनी कालच भरला होता, माझंच ऐकून!

"धोंडे नव्हते."

माझा आवाज इतका बारीक आला की फक्त सासूने ऐकला. "काय गं?"

"धोंडे नव्हते!" आता टीव्हीच्या वर आवाज गेला. सगळ्या माना मागे. मी थांबलेच नाय, थांबले असते तर परत बोलले नसते. "धोंडे नव्हते, मी काढले होते, सकाळी, वारं आलं, जवळा उडत होता, मी सोडले आणि ताडपत्रीवर ठेवले, तीनला परत बांधणार होते, पोर झोपली, मी विसरले. पडला तेव्हा नव्हते. पहाटे कपडे न्यायला आले तेव्हा मीच बांधले, तुम्ही यायच्या आधी. माझ्या भावाचं काम चांगलं आहे. धोंडे काढू नका. धोंडे काढले म्हणूनच पडला."

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. मी नवऱ्याकडे बघू शकत नव्हते, त्याच्या गळ्यातल्या फडक्याकडे बघत होते.

पहिला आवाज त्याचाच. "म्हणजे," तो म्हणाला, "मी जवळ्यासाठी मरत होतो?"

कोणीच हसलं नाय. मग तोच हसायला लागला, बरगड्या धरून, "आई गं, आई गं" करत हसतोय. "अगो, निदान पापलेटसाठी तरी मारायचंस!" मग एकदम सगळं घर हसलं. मी रडत होते आणि पोर माझ्या तोंडाकडे बघून टाळ्या वाजवत होती.

कॅप्टन नाय हसला. "वैनी, सात दिवस तू गप्प बसलीस? आम्ही तुझ्या भावाला काय काय बोललो."

सासू मधे आली. मला वाटलं, आता मी मेले. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तिला काय विचारतोस? 'काहीतरी ठेव' असं ओरडली कोण? मी. आणि शनिवारी बांधलेलं रविवारी तपासायचं नाय, ही अक्कल कोणाची? तुझी. बोट खाडीत सोडताना नांगर बघतोस की नाय?"

दीर डोक्याला हात लावून म्हणाला, "च्यायला, मला मारणार होते हे," आणि काका म्हणाले, "आता कोणाला डॉक्टर म्हणायचं नसेल तर म्हणू नका, पण पोल गाडा."

पोल गाडला. म्हणजे अर्धा. ही युक्ती भावाचीच. जमिनीत जाड पाइपाचे तुकडे पुरले, तोंड जमिनीबरोबर, त्यात पोलचे पाय घालायचे, सोमवारी उपटायचे आणि वर लाकडी बूच लावायचं, म्हणजे जवळा आत पडत नाय. जेट्टीचं रेलिंग पण त्यानेच केलं. तरी धोंडे राहिलेच, ते माझ्या सांगण्यावरून. आणि एक पद्धत पडली. मॅचच्या आधी दोन्ही बाजूच्या दोऱ्या मी ओढून बघायची आणि हात वर करायची. माझा हात वर गेल्याशिवाय शिट्टी नाय. देवनारवाले सुरुवातीला हसायचे, "काय रे, तुमची रेफरी बाई काय?" नंतर त्यांनी पण आपल्या मैदानावर धोंडे बांधले. नवरा हाड जुळल्यावर परत गोलमध्ये उभा राहिला, पण बारला कधी लटकला नाय. लोक ओरडायचे, "लटक ना रे!" तो माझ्याकडे बोट दाखवायचा, "तिला विचारा, आज जवळा सुकत घातलाय काय?"

अजून रविवारी वारं सुटलं की माझा हात आपोआप वर जातो. तो दहा पावलांवर बसून जाळं शिवत असतो, आहे, समोर आहे, हे बघितलं की जीव भांड्यात पडतो.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा खोटी बोलले आणि कधीच दुरुस्त केली नाय. धोंडे परत मी बांधले म्हणाले. भावाचं नाव घेतलं नाय. तो दारात उभा होता, काय बोलला नाय, मी पण नाय. आणि त्याच्या आधीचे सात दिवस. घरात माणूस जिवंत परत आलेला, सगळे माफ करायला तयार असतील की नसतील ते माहीत नाय, मांडीवर दहा महिन्यांची पोर, आणि शिव्या खाणारा सख्खा भाऊ म्हणतोय, गप बस, ताई. मी सात दिवस गप्प बसले आणि आठव्याला बोलले, ते पण दीर लटकणार म्हणाला म्हणून. तो तसं बोलला नसता तर? खरं सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर टेम्पोतच बोलला असता? की तुम्ही पण तोंड उघडून परत बंद केलं असतं?